प्रवाळभित्तीवरील जैवविविधता कशी मोजावी: प्रमाणित सर्वेक्षणाची कार्यपद्धती

एकाच प्रवाळभित्तीवर एकाच आठवड्यात दोन पथके उतरली, आणि एकाने माशांच्या 40 जाती नोंदवल्या तर दुसऱ्याने 110, म्हणून त्यांतले कोणी खोटे बोलले असे मानण्याचे कारण नाही. पहिल्या पथकाने 50 मीटरच्या पट्ट्यात समोर दिसलेले मासे मोजले असतील. दुसऱ्याने तासभर वाट फुटेल तिकडे पोहत, प्रत्येक कपारीत विजेरीचा झोत टाकून यादी वाढवत नेली असेल. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्या शेजारी ठेवता येत नाहीत, आणि पाच वर्षांनी तिसरे पथक 70 जाती घेऊन वर आले तर भित्ती सुधारली की खालावली हे कोणीच सांगू शकणार नाही. प्रमाणित पद्धत लागते ती याचसाठी. सगळे जीव मोजणारी पद्धत अस्तित्वात नाही. मात्र ठरलेली पद्धत दर वेळी जवळपास त्याच प्रकारे आणि त्याच प्रमाणात जीव नजरेआड करते, त्यामुळे आकड्यांत पडलेला फरक बव्हंशी भित्तीतल्या बदलाचा मानता येतो. या लेखातील बहुतेक सूचना ही एक अट पाळण्यासाठी आहेत.

प्रश्न ठरवणे आणि पद्धत निवडणे

समुद्रतळाच्या 1 टक्क्याहूनही कमी भागावर प्रवाळभित्ती आहेत, तरी ज्ञात सागरी जातींपैकी सुमारे चतुर्थांश जाती जीवनक्रमाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आधाराने राहतात असा अंदाज आहे. एवढ्या दाटीत ‘जैवविविधता मोजायची आहे’ हा प्रश्न फार सैल ठरतो. जिवंत प्रवाळाचे आच्छादन वर्षागणिक किती बदलते, मासेमारीबंदी असलेल्या क्षेत्रात मोठे मासे वाढले का, की कपारींत दडलेल्या खेकडे-गोगलगायींसह एकूण किती जाती आहेत, या तीन प्रश्नांना तीन वेगळ्या पद्धती लागतात. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा आणि त्या वाक्यात कशाची, कुठे, कशाशी तुलना करायची हे तिन्ही यावे.

पद्धत निवडताना स्वतःची नवी पद्धत रचण्याचा मोह आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थानिक गरजेप्रमाणे पट्ट्याची रुंदी चारऐवजी साडेचार मीटर करणे सोयीचे वाटते, पण तेवढ्या बदलाने जगभरातल्या नोंदींशी असलेला दुवा तुटतो. स्वयंसेवकांच्या बळावर काम करायचे असेल तर 1996 मध्ये स्थापन झालेल्या ‘रीफ चेक’ची पद्धत सुटसुटीत आहे, कारण तिच्यात जातींऐवजी ठरावीक सूचक गट मोजतात. प्रशिक्षित डायव्हर जातीपर्यंत ओळख पटवू शकत असतील तर टास्मानियात सुरू झालेल्या ‘रीफ लाइफ सर्व्हे’ची पद्धत अधिक माहिती देते. कॅरिबियन भागात ‘ॲग्रा’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ आहे, आणि तेथे तीच वापरणे शहाणपणाचे, कारण तुलनेसाठीच्या जुन्या नोंदी तिच्याच आहेत.

स्थळांची आखणी

सुंदर दिसणारी जागा निवडणे ही या कामातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागडी चूक आहे. भरगच्च प्रवाळ असलेल्या जागा पहिल्या वर्षी निवडल्या की पुढच्या वर्षी त्यांत घट दिसण्याचीच शक्यता जास्त असते, कारण शिखरावरून वाट खालीच जाते. त्याऐवजी नकाशावर भित्तीचे भाग पाडावेत: लाटांच्या माऱ्याकडील उतार, आडोशाचा उतार, माथा, आणि आतील उथळ पाण्याकडची बाजू. मग प्रत्येक भागात यादृच्छिक पद्धतीने स्थळे काढावीत. खोली हा इतका प्रभावी घटक आहे की ती बांधून घेतल्याशिवाय तुलना निरर्थक ठरते. म्हणूनच रीफ चेकमध्ये 2 ते 6 मीटर आणि 6 ते 12 मीटर असे दोन खोलीपट्टे स्वतंत्रपणे मोजतात.

एका स्थळावर एकच रेषा, म्हणजे मोजणीसाठी ताणलेली एकच फीत, टाकून भागत नाही. ग्रेट बॅरिअर रीफवरील ऑस्ट्रेलियन सागरी विज्ञान संस्थेच्या दीर्घकालीन निरीक्षणात प्रत्येक भित्तीवर तीन स्थळे आणि प्रत्येक स्थळावर 50 मीटरच्या पाच कायम रेषा असतात, आणि त्या 6 ते 9 मीटर खोलीवर लोखंडी खुंट्यांनी चिन्हांकित केलेल्या आहेत. कायम रेषांचा फायदा असा की दर वर्षी तोच तुकडा मोजला जातो आणि जागेजागेतला फरक हिशेबातून वजा होतो. खुंट्या ठोकण्याची परवानगी नसेल तर सुरुवातीच्या बिंदूचे जीपीएस स्थान, खोली, होकायंत्रावरील दिशा आणि ठळक खुणांचे फोटो, एवढे तरी नोंदवलेच पाहिजे. नमुने गोळा करायचे असतील तर परवानग्यांना बराच वेळ लागतो हे धरून चालावे. दगडी प्रवाळ वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि जनुकीय नमुन्यांना जनुकीय संसाधनांच्या वापराविषयीचा 2010 चा नागोया करारही लागू होऊ शकतो.

तळाचे आच्छादन मोजणे

1972 मध्ये योसी लोया यांनी तांबड्या समुद्रातील एलात येथील प्रवाळांसाठी रेषाछेद पद्धत वापरली, आणि आजच्या बहुतेक तळ-सर्वेक्षणांच्या मुळाशी हीच कल्पना आहे: फीत ताणायची आणि तिच्याखाली कोणता जीव किती सेंटिमीटर आहे ते वाचत जायचे. ही पद्धत अचूक असली तरी संथ आहे. बिंदूछेद पद्धतीत फितीवर ठरावीक अंतरावर, रीफ चेकमध्ये दर अर्ध्या मीटरवर, नेमके काय आहे एवढेच टिपतात. तेथे 100 मीटरच्या रेषेवर 20 मीटरचे चार तुकडे आणि मध्ये 5 मीटरची मोकळी जागा असते. एका तुकड्यात 40 बिंदू, एकूण 160.

बिंदू वाचताना दोरीला बांधलेले लहान वजन वापरावे. फीत प्रवाळाच्या वर लोंबत असेल तर वजन सोडून ते जेथे टेकेल तीच नोंद घ्यावी, कारण नुसत्या नजरेने पाहिले की डोळा नकळत शेजारच्या रंगीत प्रवाळाकडे वळतो. वर्गांच्या व्याख्या आदल्या दिवशी मोठ्याने वाचून घ्याव्यात. रीफ चेकच्या व्याख्येनुसार अर्धा सेंटिमीटर ते 15 सेंटिमीटर आकाराचा सुटा तुकडा म्हणजे ‘चुरा’, त्याहून मोठा तो ‘खडक’ आणि त्याहून लहान ती ‘वाळू’. विरंजन झालेला, म्हणजे ताणामुळे उतींतील शैवाल गमावलेला, प्रवाळ पांढरा असला तरी जिवंत असतो, त्यामुळे त्याची गणना दगडी प्रवाळातच होते, आणि विरंजनाची नोंद वेगळ्या रकान्यात जाते. नवख्या निरीक्षकांचा गोंधळ सर्वांत जास्त येथेच होतो. जवळ जाऊन पाहिले की जिवंत पांढऱ्या प्रवाळावर पारदर्शक उतींचा थर आणि बहुधा बारीक स्पर्शिका दिसतात, तर नुकत्याच मेलेल्या सांगाड्याच्या प्याल्यासारख्या खळग्यांच्या कडा उघड्या आणि धारदार असतात, आणि काही दिवसांतच त्यांच्यावर शैवालाची हिरवट-तपकिरी लव चढू लागते.

फोटो चौकटींचा मार्ग आता अधिक रूढ आहे. कॅमेरा ठरावीक उंचीवर, तळाला काटकोनात धरून रेषेवर ठरलेल्या अंतराने फोटो घेतात. रीफ लाइफ सर्व्हेमध्ये दर अडीच मीटरवर एक, म्हणजे 50 मीटरमध्ये 20. नंतर संगणकावर फोटोवर बिंदू टाकून त्याखालचा जीव ओळखतात, आणि ‘कोरलनेट’ किंवा ‘रीफक्लाउड’ यांसारख्या प्रणाली शिकवणीनंतर यातला बराचसा भाग स्वतः करतात. यंत्राची ओळख मात्र प्रत्येक नव्या प्रदेशात माणसाने तपासलेल्या फोटोंवर पारखून घ्यावी. कोणत्या वर्गात यंत्र किती चुकते ते न पाहता काढलेले आच्छादन मी तरी स्वीकारणार नाही. फोटोंचा खरा लाभ वेळेच्या बचतीत नाही. पाण्यात घेतलेली नोंद पुन्हा तपासता येत नाही. फोटो मात्र दहा वर्षांनीही नव्या प्रश्नासाठी उघडता येतो.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. 160 बिंदूंपैकी 40 बिंदूंवर दगडी प्रवाळ आढळला तर आच्छादन 25 टक्के. सर्व बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तरी या आकड्याची 95 टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरे आच्छादन ज्या टप्प्यात असण्याची दाट शक्यता आहे तो टप्पा, दोन्ही बाजूंना सुमारे 7 टक्के गुणांची येते, म्हणजे साधारण 18 ते 32. प्रत्यक्षात शेजारचे बिंदू बऱ्याचदा एकाच वसाहतीवर पडतात, त्यामुळे अनिश्चितता याहूनही मोठी असते. पुढच्या वर्षी 21 टक्के आले म्हणून ‘प्रवाळ घटला’ असे जाहीर करण्याची घाई एका रेषेच्या बळावर करता येत नाही.

मासे मोजणे

पाण्याखाली पट्टा आखून मासे मोजण्याची पद्धत व्हर्नन ब्रॉक यांनी 1954 मध्ये हवाई बेटांच्या संदर्भात मांडली. फीत टाकायची, तिच्या कडेने ठरावीक रुंदीच्या बोगद्यातून सावकाश पोहायचे, आणि त्यात असलेला प्रत्येक मासा जात, संख्या आणि लांबीसह लिहायचा. रीफ लाइफ सर्व्हेमध्ये 50 मीटर लांब आणि फितीच्या प्रत्येक बाजूला 5 मीटर रुंद असे दोन पट्टे असतात. नंतर त्याच फितीवर 1 मीटर रुंदीच्या पट्ट्यांत तळाशी दबून राहणारे मासे आणि अपृष्ठवंशी प्राणी शोधले जातात. रेषेऐवजी एका जागी स्थिर राहून मोजण्याची पद्धत बोनसॅक आणि बॅनेरॉट यांनी 1986 मध्ये दिली: साडेसात मीटर त्रिज्येच्या काल्पनिक नळकांड्यात पहिली पाच मिनिटे केवळ जातींची यादी, नंतर एकेका जातीची संख्या आणि लांबी.

क्रम महत्त्वाचा आहे. फीत टाकणाऱ्यांच्या हालचालीने मासे बिथरतात, म्हणून रीफ चेकमध्ये फीत टाकल्यावर 15 मिनिटे दूर थांबतात आणि मासे मोजण्याचे काम सर्वांत आधी करतात. तळावर वाकून काम करणारे नंतर येतात. मोजणारा वेगाने पोहला तर लपणारे मासे सुटतात. रेंगाळला तर बाहेरून आत येणारे मोठे फिरते मासे भर घालत राहतात, आणि शार्कसारख्या जातींची संख्या वास्तवापेक्षा कितीतरी जास्त भासते. पट्ट्यात मागून शिरलेला मासा मोजायचा नाही हा नियम कागदावर सोपा दिसतो. प्रत्यक्षात पहिल्या काही डाइव्हमध्ये तो सर्रास मोडला जातो, विशेषतः मासा देखणा असेल तेव्हा.

लांबीचा अंदाज ही यातली सर्वांत नाजूक बाब आहे. सपाट काचेच्या मुखवट्यातून पाण्याखालील वस्तू तिच्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. माशाचे वजन लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 25 सेंटिमीटरचा मासा 30 चा लिहिला की लांबीतली चूक 20 टक्क्यांची असली तरी जैवभारातली, म्हणजे माशांच्या वजनातली, चूक सुमारे 73 टक्क्यांची होते. यावर उपाय सरावाचाच आहे: वेगवेगळ्या लांबीचे माशाच्या आकाराचे प्लॅस्टिक किंवा लाकडी तुकडे दोरीला बांधून पाण्यात ठेवावेत, प्रत्येकाने अंदाज लिहावेत, वर येऊन खऱ्या मापांशी ताडावेत, आणि चूक ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत हे करत राहावे. हंगामाच्या सुरुवातीला एकदा सराव झाला म्हणजे झाले असे नाही. महिन्याभराच्या खंडानंतर डोळा पुन्हा सैल होतो.

डायव्हरपासून पळणाऱ्या जातींसाठी आमिष लावलेले कॅमेरे उपयोगी पडतात. साधारण एक किलो कुटलेले तेलकट मासे पिशवीत भरून कॅमेऱ्यासमोर ठेवतात, 60 मिनिटे चित्रण करतात, आणि प्रत्येक जातीचे एकाच चौकटीत एका वेळी दिसलेले कमाल मासे ही संख्या घेतात, म्हणजे तोच मासा पुन्हापुन्हा येऊन गेला तरी दुबार मोजणी होत नाही. आमिषाचा वास प्रवाहानुसार किती दूर जातो हे अनिश्चित असल्याने या संख्येला दर चौरस मीटरच्या घनतेचा दर्जा देता येत नाही, आणि मांसाहारी जातींकडे तिचा कल राहतो.

डोळ्याला न दिसणारे जीव

मासे आणि प्रवाळ मोजून झाले की बहुतेक सर्वेक्षणे थांबतात, पण भित्तीवरील जातींचा मोठा वाटा यापलीकडे आहे. न्यू कॅलेडोनियाच्या पश्चिम किनाऱ्यावर 295 चौरस किलोमीटरच्या एका परिसरात 42 ठिकाणी चाललेल्या कसून संकलनातून सागरी मृदुकाय प्राण्यांच्या 2,738 जाती मिळाल्या. त्यांपैकी 32 टक्के एकाच ठिकाणी सापडल्या आणि 20 टक्के जातींचा तर एकेकच नमुना हाती आला. दुसऱ्या एका अभ्यासात एकूण अवघ्या 6.3 चौरस मीटर क्षेत्राच्या नमुन्यांतून खेकडे-कोळंब्यांसारख्या कवचधारी प्राण्यांच्या 525 जाती डीएनएच्या आधारे ओळखल्या गेल्या. दुर्मीळता हा येथे अपवाद नसून नियमच आहे, आणि यादी कधी पूर्ण होत नाही हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते.

या दडलेल्या जीवांसाठी ‘आर्म्स’ ही प्रमाणित रचना वापरतात: सुमारे 22.5 सेंटिमीटर बाजूच्या नऊ पीव्हीसी पट्ट्या एकावर एक, मध्ये आलटून पालटून उघडी आणि बंद पोकळी ठेवून, एका तळपट्टीवर घट्ट बसवलेल्या. भित्तीच्या कपारींची ही नक्कल आहे. एका स्थळावर सहसा तीन संच बसवून एक ते तीन वर्षे ठेवतात. काढताना पाण्यातच बारीक जाळीने अस्तर केलेली पेटी संचावर पालथी घालून मग तो वर आणावा लागतो. उघडा उचलला तर निम्मे खेकडे आणि कोळंब्या वाटेतच निसटतात. वर आणल्यावर गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात पट्ट्या एकेक करून सोडवायच्या, ब्रशने हलके झटकायच्या, आणि प्रत्येक बाजूचा फोटो घ्यायचा. पाणी 2 मिलिमीटर आणि 500 मायक्रॉनच्या चाळण्यांतून, नंतर सुमारे 100 मायक्रॉनच्या चाळणीतून जाते. दोन मिलिमीटरपेक्षा मोठे प्राणी एकेक करून फोटो, ऊतीचा तुकडा आणि क्रमांकासह जतन होतात. लहान अंश आणि पट्ट्यांवरून खरवडलेला चिकटून वाढणाऱ्या जीवांचा थर दळून, 95 टक्के इथेनॉलमध्ये किंवा डीएमएसओच्या द्रावणात ठेवून, मेटाबारकोडिंगसाठी, म्हणजे मिश्र नमुन्यातील डीएनएवरून एकाच वेळी अनेक जाती ओळखण्यासाठी, जातो. हे काम वातानुकूलित प्रयोगशाळेतले नसते. होडी किनाऱ्याला लागल्यापासून घड्याळ सुरू होते, उन्हात बादलीतले पाणी तापले की प्राणी मरू लागतात आणि डीएनए विघटित होऊ लागतो. म्हणून एका दिवसात जेवढे संच पूर्ण हाताळता येतील तेवढेच काढावेत.

पाण्यातील मुक्त डीएनए हा आणखी एक मार्ग. एक-दोन लिटर पाणी 0.2 ते 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून ओढतात, प्रत्येक ठिकाणी किमान तीन नमुने घेतात, आणि शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुनाही त्याच हातांनी त्याच वेळी गाळतात. या कोऱ्या नमुन्यात मासा सापडला तर दोष भित्तीचा नसतो. ही पद्धत उपस्थिती सांगते; संख्या आणि आकार सांगत नाही, आणि संदर्भसंग्रहात ज्या जातीचा डीएनए नाही तिला नाव मिळत नाही.

नोंदींतून निष्कर्षाकडे

जातींची नुसती संख्या फसवी असते. समजा दोन पट्ट्यांत प्रत्येकी 100 मासे आणि 10 जाती आहेत. एकात प्रत्येक जातीचे 10 मासे, दुसऱ्यात एका जातीचे 91 आणि उरलेल्या नऊ जातींचा एकेक. संख्येच्या हिशेबाने दोन्ही सारखे. जातींची संख्या आणि त्यांची समान विभागणी दोन्ही जोखणाऱ्या शॅनन निर्देशांकाचे घातांकी रूप घेतले की पहिल्यात प्रभावी जाती 10 येतात, तर दुसऱ्यात सुमारे 1.65. हे रूप वापरण्याचा आग्रह यासाठी की त्याचे एकक ‘जाती’ हेच राहते. मूळ निर्देशांकाचा 0.5 हा आकडा वाचकाला काहीच सांगत नाही.

न सापडलेल्या जातींचाही अंदाज बांधता येतो. 60 जाती मिळाल्या, त्यांतील 20 जातींचा एकेक आणि 8 जातींचे दोन-दोन जीव आढळले, तर ‘चाओ-1’ सूत्राने एकेक जीव आढळलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग भागिले दोन-दोन जीव आढळलेल्या जातींच्या संख्येची दुप्पट, म्हणजे 400 भागिले 16, अशी 25 ची भर पडते आणि किमान अंदाज 85 जातींचा होतो. दोन स्थळांवर कमी-जास्त सर्वेक्षण झाले असेल तर विरलीकरणाने, म्हणजे मोठ्या नोंदीतून लहान नोंदीइतकाच नमुना घेतला असता तर किती जाती मिळाल्या असत्या हे काढून, दोन्ही समान पातळीवर आणल्याशिवाय तुलना मांडू नये. डीएनएच्या वाचनसंख्येला (यंत्राने एखाद्या जातीचा डीएनए किती वेळा वाचला त्या आकड्याला) जीवांची संख्या समजून हे सूत्र लावणे मात्र टाळावे, कारण एकेकदा आलेली वाचने बऱ्याचदा यंत्राच्या चुकांतून उपजतात.

नोंदींची शिस्त कंटाळवाणी असते आणि तिथेच सर्वाधिक माहिती गळते. माझ्या पहिल्या हंगामातील एका पाटीवर ‘प 14’ एवढेच लिहिलेले आहे. तो पोपटमासा होता की परीमासा, हे मला आजही सांगता येत नाही. तेव्हापासून संक्षेपांची यादी पथकाने आधी ठरवायची, निरीक्षकाचे नाव, वेळ, दृश्यमानता आणि खोली पाटीच्या माथ्यावर लिहायची, आणि पाटी पुसण्यापूर्वी तिचा फोटो काढायचा, हा क्रम आम्ही मोडत नाही. माहिती त्याच संध्याकाळी संगणकात भरावी, कारण दुसऱ्या दिवसाच्या डाइव्हनंतर अस्पष्ट अक्षराचा अर्थ आठवत नाही. शून्यही लिहावे: रिकामा रकाना म्हणजे प्राणी नव्हता की कोणी पाहिलेच नाही, हे नंतर कळत नाही.

जातींची नावे ‘वर्म्स’ या जागतिक सागरी नामसूचीशी ताडून घ्यावीत आणि माहिती डार्विन कोअर या जैवविविधता-नोंदींच्या प्रमाणित स्वरूपात ‘ओबिस’ या सागरी जीवनोंदींच्या खुल्या भांडारात जमा करावी. तिच्यासोबत पद्धतीचे नाव, पट्ट्याचे माप आणि निरीक्षकाचा संकेतही जायला हवा. ज्याची ओळख पटली नाही त्या प्राण्याला ओढूनताणून नाव देण्यापेक्षा ‘प्रजाती (जीनस) निश्चित, जाती (स्पीशीज) अनिश्चित’ असे लिहून नमुना क्रमांक आणि फोटो जोडावा, म्हणजे पुढे एखाद्या वर्गीकरणतज्ज्ञाने तो डबा उघडला की जुनी नोंद दुरुस्त करता येते.